रेजिनाबाईंचं अर्धं इंग्रजी

शिंप्याचं गिऱ्हाईक कोणी न विचारता सांगतं, "अमक्याकडे शिवला." डॉक्टरने बरा केलेला पेशंट डॉक्टरची जाहिरात फुकटात करत हिंडतो. स्पोकन इंग्लिशचा क्लास हा मला माहीत असलेला एकच धंदा असा आहे, की काम जितकं चांगलं होईल तितकं गिऱ्हाईक ओळख लवकर विसरतं. इंग्रजी येत नाही तोवर माणूस "सर, सर" करत जिन्यात उभा. एकदा बोलता आलं, की ते त्याला जन्मापासूनच येत होतं.

परवा एका मॉलमध्ये माझा एक जुना विद्यार्थी दिसला. कधीकाळी 'माय सेल्फ' म्हणून सुरुवात करून तिथेच थांबायचा, आता कुठल्याशा कंपनीत मोठ्या जागेवर आहे. मला पाहिलं आणि पठ्ठ्या ट्रॉली घेऊन साबणांच्या रांगेत घुसला. मीही कमी नाही, दुसऱ्या बाजूने साबणांच्या रांगेत गेलो. "हॅलो," म्हटलं. तो म्हणाला, "सॉरी, डू आय नो यू?" वाक्य बिनचूक होतं. मीच घोटून घेतलेलं! शेजारी त्याची बायको उभी होती आणि तिची समजूत नवरा कॉन्व्हेंटचा अशी असणार. मी "नो, सर" म्हटलं आणि साबण न घेता घरी आलो. दोन दिवस माझं डोकं तापलेलं होतं.

तर हे माझं दुखणं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "क्लासचे गमतीदार अनुभव लिहा" असं सांगितलं, पण गमतीआधी दुखणं सांगितल्याशिवाय मला लिहिता येणार नव्हतं. मानधनावरून आमची थोडी घासाघीस झाली, तेही इथेच सांगून टाकतो. ती मी जिंकली.

तुळिंजला बाजाराच्या वर, एका कपड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर माझा क्लास आहे. इथे शिकायला तुळिंजचे लोक येतात असं तुम्हाला वाटेल. तुळिंजचे लोक विरारला जातात. विरारचे वसईला जातात, वसईचे माझ्याकडे येतात. ओळखीच्या कोणी पाहू नये म्हणून जो तो भाडं खर्चून लांबच्या क्लासला जातो. एकदा एकाच इमारतीतले दोन शेजारी चुकून माझ्याच बॅचमध्ये समोरासमोर आले. दोघांनीही एकाच दमात सांगितलं, की ते मुलाची चौकशी करायला आलेत. दोघांचीही मुलं अजून पाळण्यात होती.

मी स्वतः इंग्रजी कॉलेजात शिकलो नाही. अंधेरीला तयार कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका गोदामात गठ्ठे बांधायचो. तिथे गोरे खरेदीदार यायचे आणि आमच्या शेटशी भाव करायचे. मी गठ्ठा बांधता बांधता ऐकायचो. त्यामुळे माझं इंग्रजी म्हणजे बाजारातलं इंग्रजी: कोण कोणावर दाब टाकतोय, कोण मागे सरतोय, कोणी मनातून कबूल केलंय पण तोंडाने नाही. पुढे शिकवायला लागलो तेव्हा मला कळलं, की शाळेत लोकांना नेमकं हेच शिकवत नाहीत.

उदाहरण देतो. 'मस्ट' म्हणजे हुकूम, म्हणणाऱ्याच्या हातात छडी. 'हॅव टू' म्हणजे परिस्थिती, छडी कोणाच्या हातात आहे ते दिसत नाही, पण पाठीवर बसते. 'शुड' म्हणजे आत्याचा सल्ला, ऐकलात तर बरं, नाही ऐकलात तर पुढच्या कार्यात ती सगळ्यांदेखत ते उकरून काढणार. हा झाला सक्तीचा भाग. मग येतो कबुलीचा. 'आय ॲग्री' म्हणजे मला पटलं. 'आय ॲक्सेप्ट' म्हणजे पटो न पटो, घेतलं. 'ऑल राइट' म्हणजे घेतलं, पण तोंड वाकडं करून. आणि साहेबाने दारात उभं राहून नुसतं 'फाइन' म्हटलं, तर आपण दुसरी नोकरी बघायला लागावं.

आमच्या लोकांना सक्तीचा भाग फार आवडतो. एका हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याकडे आले होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, अगदी मऊ स्वभावाचे. मराठीत बिचाऱ्यांचं कोणी ऐकत नसे. त्यांना 'यू आर रिक्वायर्ड टू' हे शिकवलं आणि माणूस बदलला. जिन्यात पाटी, गच्चीवर पाटी, पाण्याच्या टाकीवर पाटी. शेवटी स्वतःच्या बेडरूमच्या दारावरही लावली, तेव्हा त्यांच्या सौ. मला भेटायला आल्या. "सर, यांना जे शिकवलंत ते परत घेता येईल का? फीचं बघू आपण." मी म्हटलं, "वहिनी, शिकवलेलं परत घेत नाही. तुम्हीच बॅचला बसा." त्या बसल्या. आता दाराच्या दोन्ही बाजूंना पाट्या आहेत असं ऐकतो.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट रेजिनाबाईंची.

रेजिनाबाई पाचूबंदरच्या कोळीण. नवरा समुद्रावर जायचा, काही वर्षांपूर्वी वारला. या वसईच्या बाजारात मासळी विकतात. त्या पहिल्यांदा जिना चढून आल्या तेव्हा मी बोर्ड पुसत होतो. दारातूनच त्यांनी क्लास असा पाहिला, जसा मी पापलेटचा कल्ला बघतो.

"मास्तर तुमीच?"

"मीच."

"बाकीची मानसं कुठं हायेत?"

"बॅच संध्याकाळी असते."

"म्हंजे गिऱ्हाईक नाय. भाव कमी करा."

मी फी सांगायच्या आधीच! गेली कित्येक वर्षं मी फीवरून लोकांना लोळवत आलोय, पण त्या दिवशी मला घाम फुटला. बाई बसल्या आणि काम सांगितलं. मुलगी स्मिता आयर्लंडला नर्स आहे. तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवतेय. तिच्यासोबत मुलगा आणि त्याची आई बोलणी करायला वसईला येणार आहेत. आणि पोरीने फोनवर काय सांगितलं? "मम्मी, तू काय बोलू नको, मी सांभाळीन."

"मी बोलू नको!" बाईंचा आवाज खालच्या कपड्याच्या दुकानापर्यंत गेला असणार. "सगळा बाजार माज्या आवाजावर उठतो नि बसतो. आनि पोटची पोरगी सांगते, बोलू नको. मी बी सांगितलं तिला, मला येतं इंग्लिश. किल्ल्यावर गोरे येतात, त्यांच्याशी बोलते."

"बोलता?"

"नाय. म्हनून तर आले."

त्यांना हवं काय होतं ते पुढे आलं. लग्न पाचूबंदरला, गावच्या चर्चमध्ये व्हायला हवं होतं. चर्चच्या आवारात नवऱ्याची कबर आहे. "पोरगी नवरीच्या कपड्यात बापासमोर हुबी राहिली पायजे. तिकडं आयर्लंडला लगीन झालं तर ह्याला कोन दाखवनार? मोबाईलवर?" हे म्हणताना मात्र आवाज खाली आला होता.

मी म्हटलं, "ठीक. तुम्हाला दोन भाग शिकवतो. एक सक्तीचा आणि एक कबुलीचा."

"म्हंजे?"

"तुम्ही असं करायलाच हवं, हे कसं म्हणायचं, तो पहिला. बरं, मला मान्य आहे, हे कसं म्हणायचं, तो दुसरा."

बाईंनी क्षणभर विचार केला. "दुसरा नको."

"दोन्ही लागतात."

"कबूल करायला काय शिकायचं? माशाचा भाव पटला तर कोन बोलतं? गिऱ्हाईकाच्या पिशवीत मासळी टाकली, की झालं. मला पहिला भाग द्या. आर्दी फी."

मी चिडलो. आमच्यात जे झालं ते इथे सगळं लिहिण्यासारखं नाही. शिकवणं म्हणजे काय कापून विकायची सुरमई आहे का, इथवर मी गेलो. "सुरमई तुकड्यानंच विकतात, मास्तर," असं त्या म्हणाल्या. शेवटी अर्ध्या फीवर अर्धं इंग्रजी ठरलं. वर एक अट: त्या माझ्याकडे शिकतात हे कोणाला कळता कामा नये. हे मला नवं नव्हतं, तरी लागलं.

पण शिष्या म्हणून अशी शिष्या मला मिळाली नाही. 'यू मस्ट', 'यू हॅव टू', 'यू कॅनॉट', 'यू मस्ट नॉट': चार दिवसांत सगळी वर्गात घुमायला लागली. बाकीच्यांना मी "मोठ्याने बोला" असं सांगून थकतो. यांना हळू बोला म्हणून सांगताना थकलो. 'प्लीज' जोडा म्हटलं तर म्हणायच्या, "ते दुसऱ्या भागात येतं. मला नको."

बोलणीच्या आदल्या दिवशी त्या पुन्हा आल्या. "मास्तर, तुमी चला. मी आडकले तर कानात सांगा."

"कोण म्हणून येऊ?"

"माजा मानलेला भाऊ. बस्त्याव. वटारचा, केळीच्या वाडीवाला. इंग्लिश तुमाला येत नाय, ध्येनात ठेवा. तोंड उघडलं तर बघा."

समुद्रकाठच्या कोळणीने वटारचा बागायतवाला भाऊ कधी मानला, हे वसईतलं शेंबडं पोरही विचारेल. पण आयर्लंडला कोण विचारतंय? या कामाचे मी वेगळे पैसे सांगितले. त्यांनी हलवा देऊ केला, गोडाचा नव्हे, मासा. हलव्यावर ठरलं.

बोलणीला बाईंच्या घरी मी, रेजिनाबाई, मुलगा शॉन आणि त्याची आई मॉरीन, इतकीच माणसं होतो. नवरी मुलगी बोलणीत बसत नाही म्हणून बाईंनी स्मिताला स्वयंपाकघरात कोंडलं होतं. शॉन गोरापान, घामाने लाल झालेला, प्रत्येक वस्तूला "लव्हली" म्हणत होता. मॉरीनबाई साध्या, हसऱ्या, गुडघेदुखीवाल्या. त्यांनी मला केळ्यांबद्दल काहीतरी विचारलं. मी कपाळाला हात लावून हसलो, इंग्रजी न येणारा माणूस हसतो तसा. हे हसू मी रोज समोर बघतो, त्यामुळे सोपं गेलं.

रेजिनाबाई तयारीत होत्या. लग्न इथेच झालं पाहिजे, हे त्या 'मस्ट'ने सुरू करून 'हॅव टू'पर्यंत नेणार होत्या. श्वास घेऊन त्या तोंड उघडणार, तेवढ्यात मॉरीनबाईंनीच त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आम्हाला वाटतं, लग्न इथेच, तुमच्या चर्चमध्ये व्हावं. स्मिताचे वडील इथे आहेत ना. तुम्हाला चालेल का?"

अर्थात हे इंग्रजीत, पण सावकाश आणि सोपं. रेजिनाबाईंना सगळं समजलं. मला चेहऱ्यावरून कळलं.

आणि बाई म्हणाल्या, "नो."

मी हातातला चहा सांडला. इथे सांगायला हवं, की आमच्याकडे मुलीकडच्यांनी पहिल्या बोलण्याला हो म्हणायचं नसतं. लगेच हो म्हटलं तर मुलगी जड झाली असा अर्थ होतो. त्यात कोळीण. पहिल्या भावाला माल द्यायचा नाही, हे तिच्या हाडात असतं. पहिला नकार हा नकार नसतोच. तो दरवाजा असतो, समोरच्याने ढकलायचा.

मॉरीनबाईंनी ढकलला नाही. "ओह," त्या म्हणाल्या.

"नो, नो," रेजिनाबाई आणखी ताठ बसल्या. "यू मस्ट नॉट."

"ऑफ कोर्स," मॉरीनबाईंनी हात काढून घेतला. चेहरा पडला होता, पण आवाज गोड. "आम्ही आग्रह करायला नको होता. तिकडेच करू. तुम्ही मात्र यायचं." आणि त्या भिंतीवरच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीचं कौतुक करायला लागल्या. शॉननेही तसबिरीला "लव्हली" म्हटलं. स्वयंपाकघरात काहीतरी भांडं जोरात आदळलं.

रेजिनाबाई वाट बघत होत्या. मग माझ्याकडे झुकून दातांतून म्हणाल्या, "ही फुडं का बोलत नाय?"

"संपलं तिचं बोलून. तुमचा नो तिने घेतला."

"घेतला? पयल्याच खेपेला? असा कसा घेतला? येडी हाय का काय ती?"

"त्यांच्याकडे नो म्हणजे नो."

"मग आता हो सांग ना!"

"ते दुसऱ्या भागात येतं."

त्यांनी मला जी शिवी दिली ती वसईच्या बाजारातली आहे, दिवाळी अंकातली नाही. मी खवळलो होतो. माझं इतक्या वर्षांचं दुखणं उफाळून आलं होतं. म्हटलं, "सोडवतो. पण माझा भाव आहे. हे सर माझे मास्तर, असं सगळ्यांसमोर सांगायचं."

"ते नाय व्हनार. हलवा दोन घ्या."

"हलवा नको."

"पापलेट."

मॉरीनबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पर्स घेतली. "पापलेट नको," मी म्हटलं. त्या दाराकडे निघाल्या. शॉन चपला शोधायला लागला.

"लग्नात सांगीन," रेजिनाबाई म्हणाल्या.

"सगळ्यांसमोर?"

"माइकवर सांगीन, मेल्या! आता बोल काय बोलायचं ते!"

मी कानात सांगितलं, "म्हणा, आय वुड बी हॅपी." बाईंनी एकदा ओठ हलवून बघितले, पण नवं वाक्य ऐन वेळी तोंडात बसेना. मॉरीनबाई उंबऱ्यावर पोचल्या होत्या. मग रेजिनाबाई उठल्या आणि निघून चाललेल्या गिऱ्हाईकाला कोळीण जशी बोलावते तशी त्यांनी हाक मारली.

"ओ मॉरीन! कम! यू कॅनॉट गो!"

मॉरीनबाई जागच्या जागी थिजल्या.

"यू मस्ट से अगेन!"

"से व्हॉट अगेन?"

"चर्च! यू हॅव टू से! फर्स्ट नो, नो नो!"

मॉरीनबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी केळीवाला, कपाळाला हात लावून हसलो. बिचारीने घाबरत घाबरत पुन्हा विचारलं, "लग्न... इथे, तुमच्या चर्चमध्ये?"

रेजिनाबाईंनी चेहरा असा केला, जणू घरचे दागिने विकायला सांगितलेत. सवयीने ओठांवर 'नो' आलाच होता, मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्या आत गेल्या, सुक्या बोंबलांची जुडी घेऊन आल्या आणि मॉरीनबाईंच्या चामड्याच्या पर्समध्ये खुपसली. पर्सची चेन लावली. चेनीवर एक थाप मारली.

सौदा झाला होता. पण हे फक्त मला कळलं. मॉरीनबाई पर्सकडे आणि पर्समधून येणाऱ्या वासाकडे बघत उभ्या. "इज दॅट अ येस?" त्यांनी हळूच विचारलं. शॉन म्हणाला, "आय थिंक इट्स फिश."

तेव्हा माझा तोल गेला. "मॅडम," मी उसळून इंग्रजीत म्हटलं, "त्यांनी मान्य केलंय! अगदी आनंदाने मान्य केलंय! आमच्याकडे पहिला नकार मान ठेवायला असतो. तुम्ही तो घेऊन चालू लागलात. आता ते मासे घ्या आणि खाली बसा!"

मग मॉरीनबाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि त्यांनी रेजिनाबाईंना मिठी मारली. स्वयंपाकघराचं दार उघडून स्मिता बाहेर आली, आईच्या गळ्यात पडली आणि मग माझ्याकडे वळली. "मम्मी, हे केळीवाले मामा इतकं छान इंग्लिश कसं बोलतात?"

रेजिनाबाईंनी पापणीसुद्धा हलवली नाही. "एक्स्पोर्ट करतो तो," त्या म्हणाल्या.

लग्न पाचूबंदरला झालं. मांडव, ब्रास बँड, सगळं. चर्चमधून निघाल्यावर स्मिता गाऊन सावरत बापाच्या कबरीपाशी गेली आणि हातातली फुलं तिथे ठेवली. रेजिनाबाई जरा मागे थांबल्या होत्या. पदराने नाक पुसून एवढंच म्हणाल्या, "बघितलंस ना? आता गप झोप."

संध्याकाळी मांडवात त्यांनी बँडवाल्याच्या हातातून माइक घेतला. मला वाटलं, विसरल्या असतील. सगळे विसरतात. पण बाई दिला शब्द पाळणाऱ्या. आधी त्यांनी आयर्लंडहून आलेल्या मंडळींकडे बघून इंग्रजीत भाषण केलं. "यू मस्ट ईट! यू मस्ट ड्रिंक! यू हॅव टू डान्स! यू कॅनॉट गो होम!" एक 'प्लीज' नाही, एक 'थँक यू' नाही. गोरी मंडळी दचकून उठली, निम्मी जेवणाकडे धावली आणि निम्मी नाचायला लागली. मग बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "आनि हे माजे मास्तर! तुळिंजला क्लास हाय यांचा! माजं सगळं इंग्लिश यांनीच शिकवलंय!"

सगळा मांडव माझ्याकडे वळला. कित्येक वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होतो ते मला माइकवर मिळालं होतं, आणि मिळालं ते असल्या भाषणानंतर. खाली बसून राहणं शक्य नव्हतं. मी उठलो, हात जोडले. सर्वांत जोरात टाळ्या मॉरीनबाईंनी वाजवल्या.

माझा धंदा बसला, असं मी त्या रात्री घरी सांगितलं. पण सोमवार उजाडला आणि जिन्यात पाचूबंदरच्या बायकांची रांग. दिवसाढवळ्या, तोंड न लपवता, एकमेकींना हाका मारत! माझ्या क्लासच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. मी खूश होऊन कबुलीचा भाग आधी शिकवायला घेतला. 'आय ॲग्री' बोर्डावर लिहिलं. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने हात वर केला.

"मास्तर, ते पुसा. आमाला रेजिनाचं इंग्लिश पायजे. आपन बोललो, की मानूस उठून जेवायला लागला पायजे."